बाबांना बोलणं कळलं पाहिजे : हॉलमधल्या साउंडच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

आज ठरलं. बजेट साठ हजार, त्याच्या वर एक रुपया नाही. पाडव्यापर्यंत काम पूर्ण.

कारण काल रात्रीचं. बातम्यांत अपघातात आठ जण जखमी असं सांगितलं आणि बाबांनी आईला हाक मारून साठ जखमी म्हणून सांगितलं. आईनं दुरुस्त केलं तेव्हा बाबा काही बोलले नाहीत. रिमोट घेऊन आवाज ४० वरून ४६ वर नेला. आई उठून स्वयंपाकघरात गेली. हे आमच्याकडे आता रोजचं झालंय : बाबा आवाज वाढवतात, आईचं डोकं उठतं, ती आत जाते आणि बाबा एकटेच टीव्हीसमोर बसतात.

बाबांनी एकतीस वर्षं साखर कारखान्यात फिटर म्हणून काढली, त्यातली बरीचशी मिल हाउसमध्ये, म्हणजे ऊस गाळतात तिथे. त्या काळी कानात कापसाचा बोळा घातला तरी खूप. दोन वर्षांपूर्वी कानाचा आलेख काढला, त्यात १००० हर्ट्झपर्यंत (हर्ट्झ म्हणजे आवाजाच्या पट्टीचं माप, आकडा मोठा तितकी पट्टी वरची) रेषा बरी आहे, २००० च्या पुढे उतरते आणि ४००० ला खड्डा. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाचा आलेख असाच दिसतो, असं तपासणाऱ्या मॅडमनी तेव्हा समजावलं होतं. घोळ इथेच आहे. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीत असतात आणि आवाजाचा जोर त्यांच्यात असतो. स, श, त, थ, फ, च ही व्यंजनं वरच्या पट्टीत असतात आणि शब्दाचा अर्थ त्यांच्यावर ठरतो. बाबांना ‘साठ’ आणि ‘आठ’ दोन्हींत ‘आ’ ऐकू येतो, सुरुवातीचा ‘स’ हवेतच विरतो. नुसता आवाज वाढवला की ‘आ’ मोठा होतो. ‘स’ काही येत नाही.

त्यात टीव्ही चपटा, स्पीकर खालच्या कडेला, तोंड जमिनीकडे. आवाज आधी कपाटावर आपटतो, मग आपल्याकडे येतो.

श्रवणयंत्र आहे. बाहेर जाताना घालतात, घरात काढून ठेवतात. त्यावरून वाद घालायचा नाही असं आम्ही तिघांनीही ठरवलंय.

मोजायला काहीतरी हवं म्हणून वीस शब्दांची यादी केली : साठ, आठ, पाठ, काठ, गाठ, ताट, पात, सात, शेत, शेठ, पेठ, तूप, सूप, रूप, धूप, फोड, खोड, थोर, चोर, मोर. भाचीकडून फोनवर रेकॉर्ड करून घेतली, क्रम बदलून चार वेळा, म्हणजे बाबांना पाठ होणार नाही. लहान मुलीचा आवाज बाबांना सगळ्यात जड जातो, म्हणून मुद्दाम तिचाच घेतला. टीव्हीवर लावली, आवाज ३०. बाबांनी ऐकेल तसा शब्द परत म्हणायचा.

वीसपैकी अकरा.

१२ जानेवारी, रविवार

हॉल मोजला. चौदा फूट लांब, साडेदहा फूट रुंद. टीव्ही साडेदहाच्या भिंतीवर, मध्यभागी. बाबांची आरामखुर्ची मधोमध नाही, खिडकीच्या बाजूला आहे आणि ती तिथेच राहणार, कारण दुपारी पेपर वाचायला उजेड तिथेच येतो. त्यांच्या कानापासून टीव्ही साधारण २.९ मीटर.

टीव्हीची खालची कड जमिनीपासून ३२ इंचांवर, खालचं कपाट १८ इंच उंच. मध्ये १४ इंच मोकळे. हा आकडा वहीत लाल पेनानं लिहिला, मधला स्पीकर इथे बसायचा आहे.

हॉलच्या मधोमध उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवली. टाळीमागून ‘टर्रर्र’ असा धातूचा आवाज आला, पत्र्याच्या शेडमध्ये येतो तसा. चकचकीत फरशी, उघड्या भिंती, खिडकीला पातळ पडदा. दोन समोरासमोरच्या भिंतींत आवाज चेंडूसारखा टप्पे खातोय. हे फुकटात सुधारता येण्यासारखं आहे, पण आत्ता हात लावत नाही. आधी यंत्रांचा फरक किती पडतो ते वेगळं कळायला हवं.

१४ जानेवारी, संक्रांत

दादाचा न्यूजर्सीहून फोन. त्याच्या मित्राचा जुना रिसीव्हर (आवाज घेऊन सगळ्या स्पीकरना पुरवणारं यंत्र) पडून आहे, सात चॅनलचा म्हणजे सात स्पीकर चालवणारा, उन्हाळ्यात येताना घेऊन येतो म्हणाला. मन क्षणभर डळमळलं. पण तिकडचं यंत्र १२० व्होल्टचं, आपल्याकडे २३०. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावावा लागेल, तोही चांगल्या वॅटेजचा, आणि एखाद्या दिवशी कोणी घाईत थेट भिंतीच्या सॉकेटला पिन खुपसली की खेळ खलास. इथे वॉरंटी नाही, पार्ट नाहीत. नको म्हणून सांगितलं. तिळगूळ कुरिअर केलाय, तो मिळाला का एवढं विचारलं.

२६ जानेवारी, रविवार

आठवडाभर वॅटचा अभ्यास. लहानपणी गल्लीत प्रत्येक टेपरेकॉर्डरवर ‘१००० वॅट पीएमपीओ’ असं लिहिलेलं असायचं. आत मात्र ४४४० आयसी, म्हणजे आवाज वाढवणारी चिप, ज्याच्या दोन्ही बाजू जोडल्या तरी जेमतेम १९ वॅट. तो काळ गेला, पण खोक्यावर मोठा आकडा छापायची सवय गेलेली नाही. यामाहाच्या आरएक्स-व्ही३८५ ह्या रिसीव्हरचंच घ्या. एका ठिकाणी १३५ वॅट दिसतात, पण ते एकच चॅनल चालू, एकाच सुरावर, दहा टक्के विकृती, म्हणजे आवाजाची मोडतोड, चालेल असं धरून. खरा आकडा बारीक अक्षरात असतो : ७० वॅट, दोन चॅनल चालू, २० ते २०,००० हर्ट्झ, ६ ओहमच्या स्पीकरला, विकृती ०.०९ टक्के. कोणतीही दोन यंत्रं तोलताना हीच ओळ शोधायची. ती सापडत नसेल तर ते यंत्र यादीतून बाहेर.

मग प्रश्न, आपल्याला लागतात किती? स्पीकरच्या माहितीत ‘८९ डीबी’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे एक वॅट दिला तर एक मीटरवर ८९ डेसिबल आवाज. बाबांची खुर्ची २.९ मीटरवर, मोकळ्या जागेत तेवढ्या अंतरात साधारण ९ डेसिबल घटतात. राहिले ८०, खोलीत भिंतींमुळे थोडे जास्तच. आणि बातम्या आपण ७० च्या आसपास ऐकतो. मी हा हिशोब तीनदा केला, कारण माझाच विश्वास बसेना. संध्याकाळच्या मालिकेला एक वॅटसुद्धा पुरून उरतो!

उलट ८४ डीबीचा स्पीकर घेतला तर तेवढ्याच आवाजाला तिपटीहून जास्त वॅट लागतात. म्हणजे रिसीव्हरमध्ये पैसे ओतून वॅट वाढवण्यापेक्षा स्पीकर नीट निवडणं स्वस्त पडतं.

आजचा दुसरा निर्णय मोठा आहे आणि दादाला तो पटलेला नाही. साठ हजारांत ५.१ चा पूर्ण सेट येतो, पाच डब्या आणि एक सबवूफर, म्हणजे खालच्या पट्टीचा घुमणारा आवाज देणारा स्पीकर. पण त्या डब्या मुठीएवढ्या, अडीच-तीन इंची कागदी पडद्याच्या. मागच्या दोन डब्यांतून पाऊस पडेल, विमान जाईल, ते खरं. बाबांना पाऊस नकोय, वाक्य हवंय. सिनेमाच्या ५.१ ट्रॅकमध्ये बहुतेक संवाद मधल्या चॅनलमध्ये असतात. म्हणून आधी पुढचे तीनच स्पीकर घ्यायचे, पण धडाचे. मागचे दोन आणि सबवूफर नंतर, पैसे साठले की. रिसीव्हर मात्र आत्ताच ५.१ चा, म्हणजे पुढे बदलावा लागणार नाही.

दादा म्हणाला, “अगं मग साउंडबार घे ना सरळ.” घेता आला असता, स्वस्तही पडला असता. पण त्याच्यात मधला आवाज वेगळा वाढवायची सोय प्रत्येकात नसते, आणि एक भाग बिघडला की सगळाच जातो. मला मधल्या स्पीकरचा लगाम माझ्या हातात हवाय.

चिपळूणच्या मामांनी त्यांचे पंचवीस वर्षांपूर्वीचे उंच स्पीकर देऊ केले होते, त्याची नोंद राहिली. मागच्या महिन्यात गेले तेव्हा जाळी काढून पाहिली. पडद्याच्या कडेची फोमची वळी बोटानं दाबली तर शिळ्या केकसारखी चुरली, काळी भुकटी बोटाला. कोकणच्या दमट हवेत फोम टिकत नाही. नवी वळी बसवून देणारे कारागीर अजून आहेत, पण उंच स्पीकर आमच्या हॉलमध्ये येण्याजाण्याच्या वाटेत येतील. तिथून एवढं शिकले की जुना माल पाहायचा झाला तर आधी जाळी काढायची आणि वळी रबराची असेल तरच पुढे बोलायचं.

८ फेब्रुवारी, शनिवार

पुणे. साताऱ्याहून सकाळची एसटी, स्वारगेटहून रिक्षा, पासोड्या विठोबाला नमस्कार करून तपकीर गल्लीत. बाबांना बरोबर नेलं. कान त्यांचे, निवड त्यांची.

पहिल्या दोन दुकानांत तोच प्रकार. दार लोटून आत गेलं की समोर बसवतात आणि गाड्या उडताहेत, काचा फुटताहेत असा तुकडा लावतात. सगळेच स्पीकर त्यात भारी वाटतात. मी फोन पुढे केला आणि भाचीची यादी लावायला सांगितली. एका पोराला हसू आलं. दुसऱ्या दुकानात “मॅडम, त्यात क्वालिटी कळणार नाही” असं उत्तर मिळालं. बाहेर पडलो.

तिसरं दुकान जिन्यानं वर, छोटं. काका साठीचे असतील. मी काय ते सांगितलं, तर त्यांनी स्वतः उठून पंखा बंद केला, दुकानाचं दार लावलं आणि म्हणाले, “बसा दादा, सावकाश ऐका.” बाबांना मुद्दाम जरा बाजूला बसवलं, घरी बसतात तसं.

आधी आडवा सेंटर (म्हणजे मधला) स्पीकर, दोन वूफर (खालच्या पट्टीचे मोठे पडदे) आणि मध्ये ट्वीटर (वरच्या पट्टीचा छोटा), सगळीकडे सेंटर म्हणून विकतात तो. समोर बसलं की छान. पण बाबांच्या जागेवरून मला स्वतःलाच आवाज पोकळ वाटला. काकांनी वहीच्या पानावर दोन गोल काढून दाखवलं : दोन्ही वूफर एकच आवाज देतात, मधोमध बसलेल्याला दोन्हींकडून अंतर सारखं. बाजूला सरकलं की एकाचा आवाज किंचित उशिरा पोचतो आणि काही पट्ट्यांत दोघं एकमेकांना मारतात. नेमकं बोलण्याच्या पट्टीत हे होतं.

मग साधा उभा बुकशेल्फ, म्हणजे मांडणीत मावेल एवढा छोटा स्पीकर, पोल्कचा टी१५. सव्वापाच इंची वूफर, वर छोटा ट्वीटर, ८९ डीबी, ८ ओहमच्या रिसीव्हरला चालणारा. एकच स्पीकर, मधोमध ठेवून. बाबा डोळे मिटून बसले. “सूप... धूप... चोर... पेठ...” चौदा शब्द बरोबर आले आणि पंधराव्याला त्यांनी डोळे उघडले. म्हणाले, “ह्यात पोरगी समोर बसून बोलतीय. मघाच्यात ती भिंतीमागं होती.”

माझ्या दृष्टीनं निवड तिथे संपली.

अडचण एकच, हे स्पीकर जोडीनं येतात आणि मला हवेत तीन. दोन जोड्या घेतल्या तर चौथा कपाटात पडून राहणार आणि बजेट कोलमडणार. काका थोडा वेळ बसून राहिले, मग आतल्या खोलीतून एक धुळीनं भरलेला आणला, तोच. डिस्प्लेला लावलेल्या जोडीतल्या दुसऱ्याच्या ट्वीटरमध्ये कुणाच्या तरी पोरानं बोट घातलं होतं, तेव्हापासून हा एकटा पडलेला. “ह्याला कोण घेणार, ताई? साडेचार हजार द्या.” पुसला, लावला, पुन्हा दहा शब्द ऐकले, जाळी काढून वळी पाहिली. रबर, घट्ट. घेतला. नवी जोडी पंधरा हजारांना.

तिन्ही एकाच जातीचे असण्याचा फायदा काकांनीच सांगितला. माणूस पडद्यावर डावीकडून उजवीकडे चालत गेला तर त्याचा आवाज वाटेत बदलत नाही.

येताना खोकी मांडीवर घेऊन बसलो. खंबाटकी घाटात बाबा म्हणाले, मिल हाउसमध्ये पंपाचं बेअरिंग जायला लागलं की ते सगळ्यांच्या आधी ओळखायचे, नुसत्या आवाजावरून. हे मला पहिल्यांदाच कळलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

रिसीव्हर. यादीत दोनच उरले : डेनॉनचा एव्हीआर-एक्स२५०बीटी आणि यामाहाचा आरएक्स-व्ही३८५. दोन्ही ५.१ चे, दोघांचीही ताकद आपल्या गरजेच्या कितीतरी वर. डेनॉनला एचडीएमआय इनपुट पाच, यामाहाला चार. आमच्याकडे सेटटॉप बॉक्सशिवाय जोडायला काही नाही, त्यामुळे तो मुद्दाच नाही. फरक पाडणारी गोष्ट एकच. यामाहाबरोबर छोटा मायक्रोफोन येतो, तो कानाच्या जागी ठेवला की रिसीव्हर स्वतः प्रत्येक स्पीकरचं अंतर, पातळी आणि खोलीचा गुण मोजून दुरुस्ती करतो. डेनॉनच्या ह्या मॉडेलमध्ये ती सोय नाही. बाबांची खुर्ची मधोमध नसल्यामुळे मला ती हवीच.

नव्या पिढीच्या रिसीव्हरमध्ये ८के, वरच्या छताचे स्पीकर वगैरे आहे. आमचा टीव्ही ४के, छताला पंखा आहे. त्याचे पैसे देणार नाही.

२२ तारखेला काकांकडून डिस्प्लेचा पीस, कंपनीची वॉरंटी शिल्लक असलेला, अठ्ठावीस हजार पाचशेला. बिल पक्कं घेतलं. (ही ओळ २२ ला रात्री लिहिली.)

२३ फेब्रुवारी, रविवार

वायरिंगचा दिवस.

स्पीकरच्या वायरीवरून गल्लीत फार ऐकवतात. मी दीड चौरस मिलिमीटरची दोन तारी लवचीक वायर आणली, साठ रुपये मीटर, पंधरा मीटर. लांबच्या स्पीकरपर्यंत सहा मीटर, जाऊन-येऊन बारा. त्याचा विरोध येतो ०.१६ ओहम, आठ ओहमच्या दोन टक्के. पाच टक्क्यांच्या आत असलं की झालं. फक्त एक गोष्ट डोळ्यांनी पाहून घेतली : एक तार ब्लेडनं खरवडली. आत तांबूसच निघाली. पांढरी निघाली असती तर ते तांब्याचं पाणी दिलेलं ॲल्युमिनियम, स्वस्त पडतं पण विरोध दीडपट आणि टोकं लवकर तुटतात.

मिस्त्रींनी भिंतीला पट्टी मारून दिली. दोन बाजूंचे स्पीकर वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेल्या चौकोनी पाइपच्या स्टँडवर, २६ इंच, पाइपमध्ये वाळू भरून, म्हणजे धक्का लागला तरी डगमगत नाहीत. दोघांमध्ये अंतर २.१ मीटर. शास्त्राप्रमाणे बसणाऱ्याच्या नजरेतून दोघांत साठ अंशांचा कोन हवा. आमच्या खोलीत चाळीसच्या आसपास मिळतो. दार उघडायला हवं, तेव्हा तेवढाच.

मधला स्पीकर १४ इंचांच्या फटीत उभा बसला, वर तीन इंच शिल्लक राहिले. तो कानाच्या बराच खाली येतो म्हणून पुढच्या कडेखाली दोन खोडरबर सरकवले. आता तोंड थेट बाबांच्या चेहऱ्याकडे.

मायक्रोफोन खुर्चीत, उशांच्या ढिगावर, बाबांच्या कानाच्या उंचीला. सगळे स्वयंपाकघरात, पंखा बंद, फ्रिजसुद्धा बंद. स्पीकर एकामागून एक फुसफुसले आणि पडद्यावर अक्षरं आली : डब्ल्यू-१. पुस्तिकेत पाहिलं, कुठल्यातरी स्पीकरचं प्लस-मायनस उलटं. तिन्हीच्या वायरी मीच जोडल्या होत्या, लाल लालला. मग घड्याळातला दीड व्होल्टचा सेल काढला. रिसीव्हरच्या मागची टोकं मोकळी केली, जाळी काढली, लाल टोक सेलच्या प्लसला आणि काळं मायनसला क्षणभर टेकवलं. डाव्याचा पडदा ‘टक्’ करून पुढे आला. उजव्याचाही. मधल्याचा मात्र आत गेला, केसभर, पण बाजूनं बॅटरी मारून पाहिलं तर स्पष्ट दिसत होतं. वायरीचा गोंधळ स्पीकरच्या मागच्या टोकाला निघाला. फटीत हात घालून, न बघता जोडताना तिथे अदलाबदल झाली होती. बदललं. पुन्हा मोजणी केली, डब्ल्यू-१ गेला.

आई म्हणाली, “मघाशी तो बातम्यावाला गुहेत बसल्यासारखा बोलत होता. आता बरा वाटतोय.” अगदी हेच होतं उलट्या जोडणीत.

रात्री यादी लावली. वीसपैकी पंधरा. टीव्हीच्या आवाजापेक्षा बाबांना हा कमी मोठा वाटला, तरी पंधरा.

२ मार्च, रविवार

आता खोली.

माळ्यावरून आजीची जुनी सतरंजी काढली, नऊ फुटी, जाड. आधी उन्हात टाकली, मग टीव्ही आणि खुर्चीच्या मधल्या फरशीवर अंथरली. खिडकीला जाड, चुण्यांचे पडदे शिवून घेतले, खिडकीच्या दुप्पट रुंदीचं कापड घेऊन. बत्तीसशे रुपये झाले, ते बजेटमध्येच धरलेत. समोरच्या उघड्या भिंतीला पुस्तकांची मांडणी सरकवली.

टाळी वाजवली. ‘टर्रर्र’ नाही. नुसती टाळी, कोरडी.

मायक्रोफोन ठेवून पुन्हा मोजणी, मग यादी, तिसरा क्रम. वीसपैकी सतरा.

ह्यात एक गोष्ट नोंदवून ठेवावीशी वाटते. सतरंजी आणि पडद्यांनी दोन शब्द वाढवून दिले, बत्तीसशे रुपयांत. साठ हजारांचं सामान आणून उघड्या फरशीवर ठेवणारे पुष्कळ आहेत. कुणी विचारलं तर मी आधी सतरंजी अंथरायला सांगेन.

मधल्या स्पीकरची पातळी रिसीव्हरनं ठरवली होती, तिच्यावर मी हातानं अडीच डेसिबल चढवले. बाकी दोघं जागच्या जागी. वीसपैकी अठरा. चुकले ते ‘शेत’ आणि ‘फोड’. त्याच्यावर आणखी चढवलं तर आवाज टोचायला लागतो, म्हणून तिथे थांबले.

रात्री उशिरासाठी डीआरसी चालू केलं. मोठे आवाज दाबले जातात, हळू बोलणं वर येतं, पार्श्वसंगीत एकदम अंगावर धावून येत नाही.

९ मार्च, रविवार

दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल. शेजारचे तिघं, आम्ही तिघं, पोह्यांचं मोठं पातेलं.

पहिल्या तासात बाबा अस्वस्थ. शब्द कळतात पण “काहीतरी उलटं होतंय” म्हणत राहिले. मी समालोचकांच्या ओठांकडे पाहत बसले आणि लक्षात आलं : आवाज आधी, ओठ नंतर. सेटटॉप बॉक्स मी थेट रिसीव्हरला जोडलाय. आवाज तिथूनच स्पीकरला जातो, चित्र पुढे टीव्हीत जाऊन त्याच्या सजावटीत अडकतं आणि मागे पडतं. इतरांना जाणवलंही नाही. आवाज पंचेचाळीस मिलिसेकंद आधी आला तरच माणसाला साधारण कळायला लागतं. पण बाबा गेली दहा वर्षं नकळत ओठ वाचतात. ज्याला अर्धा शब्द कानानं आणि अर्धा डोळ्यांनी मिळतो, त्याचे दोन अर्धे जुळलेच पाहिजेत.

ड्रिंक्सच्या वेळी रिसीव्हरमध्ये आवाजाला उशीर दिला. ४० मिलिसेकंद, ६०, ८०. ऐंशीला बाबांनी हात वर केला, “बास, इथं.”

आमच्या बॉक्समधून मॅचचा आवाज दोन चॅनलचाच येत होता. पण रिसीव्हरमधला सराउंड डिकोडर जे दोन्हीकडे सारखं आहे ते उचलून मध्ये टाकतो. समालोचन सारखंच असतं, म्हणून ते मधल्या स्पीकरला आलं आणि प्रेक्षकांचा गलका बाजूच्या दोघांकडे पसरला. बाबांना पहिल्यांदाच दोन्ही वेगळं ऐकू आलं. न्यूझीलंडच्या २५१ च्या पाठलागात शेवटी जडेजानं चौकार मारला तेव्हा हॉलमध्ये इतका आरडाओरडा झाला की स्पीकर चालू होते की नाही तेही कळलं नाही.

१५ मार्च, शनिवार

टीव्हीतल्या ॲपवर सिनेमा लावला तर रिसीव्हरच्या पडद्यावर नुसतं ‘पीसीएम’. म्हणजे टीव्ही ५.१ चा ट्रॅक स्वतःच दोनात कुटून एआरसीच्या वाटेनं, म्हणजे एचडीएमआय केबलमधूनच उलट रिसीव्हरकडे, पाठवतोय. मग मधला वेगळा चॅनल वाटेतच संपला. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’ वर होतं, ते ‘पास-थ्रू’ केलं, म्हणजे आलेला ट्रॅक तसाच पुढे जातो. ‘डॉल्बी डिजिटल प्लस’ आलं. दोन मिनिटांचं काम, पण माहीत नसेल तर माणूस वर्षभर सेंटर स्पीकरला नावं ठेवील.

आईनं रिसीव्हरवर भरतकामाचा रुमाल घातला होता. काढून टीपॉयवर ठेवला आणि तिला जाळीवर हात ठेवायला लावून ऊब दाखवली. वरची जाळी मोकळीच राहायला हवी.

३० मार्च, गुढीपाडवा

हिशोब : रिसीव्हर २८,५००. स्पीकरची जोडी १५,०००. एकटा ४,५००. वायर ९००. स्टँड २,४००. एचडीएमआय केबल ६००. पडदे ३,२००. एकूण ५५,१००. उरले ४,९००, ते सबवूफरच्या डब्यात. सबवूफर आला तर त्याचा आवाज खालच्या मजल्यावर जाणारच, तेव्हा आधी खालच्या काकूंशी बोलायचं. मागचे दोन स्पीकर दिवाळीनंतर पाहू. दादा मे महिन्यात येतोय, त्यानं ऐकावं आणि मग बोलावं.

संध्याकाळी मालिका चालू होती, आवाज बेताचा. आई आत श्रीखंडाच्या वाट्या भरत होती. मालिकेत लग्नाच्या खर्चाचं काहीतरी बोलणं चाललं होतं, आईनं आतूनच विचारलं, “किती म्हणाली ती? साठ लाख?”

“आठ गं,” बाबा खुर्चीतून म्हणाले. “आठ म्हणाली. साठ कुठलं?”

आई वाट्या घेऊन बाहेर आली आणि सतरंजीवरच बसली.